निंबानाना आणि दुसरं दार

थांबा. बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या सकाळी बाबा येतायत माझी रूम बदलायला. एकदा का मी गादी-बादली उचलून दुसरीकडे गेले ना, की नवीन पोरी, नवीन मेस, नवीन कटकटी, यात हे सगळं माझ्या डोक्यात विस्कटून जाईल. म्हणून बसलेय टाईप करत. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर, निंबानाना.

हा माणूस लग्नाला गेला की जेवायच्या आधी दुसरं दार शोधायचा. नवरी कशी आहे, मुहूर्त कधीचा, पंगतीत काय आहे, काही नाही. हॉलमध्ये पाय ठेवायचा, आलो त्या दाराकडे पाठ करायची, कमरेवर हात ठेवायचे आणि समोर जो येईल त्याला विचारायचं, ''दुसरं दार कोठे शे?''

मी स्वतः पाहिलंय. देवपूरला, धुळ्यात. आमच्या घरमालकीण शैलाअक्का, त्यांच्या भाचीचं लग्न होतं. अक्कांनी आम्हा वरच्या सगळ्या पोरींना नेलं होतं, आणि समोरच्या घरात एकटे राहतात म्हणून नानांनाही. जळगावहून एसटीने. एसटीत पण नाना बसले ते संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीपाशीच. तिथल्या माणसाला उठवून बसले.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांचं सुरू. एक मावशी रुखवत मांडत होत्या. थर्माकोलचं मंदिर, लोकरीची बदकं, लाडवांची उतरंड, चकल्यांचा हा एवढा मनोरा.

''दुसरं दार कोठे शे?''

''काय हो?''

''या रुखवताच्या मागे काय आहे?''

''भिंत आहे.''

''भिंतीला कडी असते का?''

मावशींनी मागे वळून पाहिलं. खरंच कडी होती. दारच होतं ते. त्याला कुलूप, आणि कुलपाची चावी मॅनेजरकडे, आणि मॅनेजर गेला होता शिरपूरला. झालं. नाना बाहेर गेले आणि पायरीवर बसले. जेवणार नाही म्हणाले.

आता आपल्याकडे लग्नात एक म्हातारा माणूस न जेवता बाहेर बसला म्हणजे काय? म्हणजे रुसला! मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे मामा रुसले. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे काका रुसले. दोन्हीकडून माणसं आली, हात जोडले, एकाने जिलबीचं ताट आणलं, एकाने टोपी-टॉवेल आणला. ''मामा, झालं-गेलं सोडा, काय मागणी आहे ते सांगा.'' नाना म्हणाले, ''दार उघडा.'' ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी नवऱ्याच्या भावाने दगडाने कुलूप फोडलं. आत काय, तर खुर्च्या. छतापर्यंत. नानांनी त्या सगळ्या काढायला लावल्या, दारातून एकदा बाहेर जाऊन आले, आणि मगच पंगतीत बसले. टोपी-टॉवेल ठेवून घेतला.

अक्का परत येताना एसटीत त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ''माझ्या माहेरी माझी इज्जत घालवली,'' हे मात्र आम्हाला पारोळ्यापर्यंत ऐकवत होत्या.

थोडं मागे जाते, कारण नाना पहिल्यांदा कसे भेटले ते सांगायलाच हवं. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करायला जळगावला आले. आमचं गाव बोदवडकडे. बाबांनी बऱ्याच रूम पाहिल्या आणि अक्कांची पसंत केली, ती का? तर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनल गेट होतं आणि गेटला कुलूप होतं. बाबांनी ते कुलूप हातात घेऊन ओढून पाहिलं. ''कुलूप चांगलं शे,'' म्हणाले. खोली त्यांनी नंतर पाहिली.

आणि दुसऱ्याच दिवशी मी आणि जयू, म्हणजे माझी रूममेट, खिडकीत बसलो होतो तर खाली गल्लीत एक म्हातारा. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, आणि आमच्या खिडकीकडे टक लावून बघतोय. हलत नाही. तिसऱ्या दिवशी पण तेच. जयू तापट आहे. ती खिडकीतून ओरडली, ''ओ आजोबा! काय बघताय? लाज नाही वाटत का?''

''गज बघतो,'' खालून उत्तर.

''काय?''

''खिडकीचे गज. यातून मांजर निघेल. मांजरी शेतस का तुम्ही?''

जयू म्हणाली, येडं आहे. आम्ही अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, ''अगं, तो निंबानाना. माणूस देव आहे, पण डोक्यात आग शिरलीये त्याच्या.''

तर नानांचं काम काय, की बिल्डिंगांची तपासणी. आधी ते बोदवडला एका जिनिंगमध्ये होते, कापसाच्या, जळगावहून रोज जाऊन-येऊन. तिथे आगीची व्यवस्था बघायचे. नंतर जळगावात एका एजन्सीसाठी दवाखाने, दुकानं, लग्नाचे हॉल, क्लासेस, असं फिरायचे. आग लागली तर इथली माणसं जिवंत बाहेर पडतील का, एवढंच बघायचं. ते म्हणायचे, ''आग विझवणारे वेगळे. माझं काम आग नसताना असतं. म्हणून कोणाले आवडत नई.''

आणि खरंच आवडायचे नाहीत ते कोणाला. मार्केटमधल्या एका साडीच्या दुकानात मागच्या दारासमोर पुतळा उभा केला होता, नववारी नेसवून, नथ-बिथ घालून. नाना शेठला म्हणाले, ''शेठ, आग लागली की ही बाई आधी निघेल, का तुमच्या गिऱ्हाईक बाया?'' शेठ म्हणाले, ''नाना, बैठो ना, चाय पियो.'' नानांनी चहा प्यायला आणि कप ठेवून म्हणाले, ''नापास.'' असे इतके नापास केले की एजन्सीवाल्यांनीच त्यांना नापास केलं. मार्चपासून काम देणं बंद. नाना म्हणाले, बरं झालं, आता वेळ मिळेल.

वेळ मिळाला तो आम्हाला मिळाला ना! सगळा आमच्यावर आला.

त्यांच्या घराचं सांगते. समोरच, तळमजल्यावर, दोन खोल्या. त्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. पुढच्या दाराला नाही, मधल्या दाराला नाही, आणि हसू नका, बाथरूमच्या दाराला पण नाही. पुढचं दार तर कायम अर्धं उघडं. कुत्रं यायचं, मांजर यायचं, गल्लीतली पोरं यायची क्रिकेटचा बॉल शोधत. एकदा आमचं पाणी गेलं होतं म्हणून मी हात-पाय धुवायला त्यांच्याकडे गेले, तर नाना म्हणाले, ''माय, आत गेली की गाणं म्हणत राहा, म्हणजे कोणी येणार नाही.'' मी राष्ट्रगीत म्हटलं. दुसरं काही सुचेचना. बाहेर आले तर नाना ओट्यावर ताठ उभे! हसत नव्हते हो, खरंच उभे होते.

मी विचारलं, ''नाना, चोर आला तर?''

''चोर काय नेईल? टीव्ही. आणखी?''

''पण एखादी कडी तरी...''

''कडी नको,'' एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. आम्हाला वाटलं, आगीचंच काहीतरी असणार. माणूस धुरात घाबरला की कडी सापडत नाही वगैरे. तसं ते एरवी सांगायचेच.

त्याआधी थंडीत गच्चीवर भरीत पार्टी केली होती आम्ही. कापसाच्या काड्या पेटवल्या, त्यावर वांगी टाकली, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, असा सगळा थाट. नाना आले ते वाळूची बादली घेऊन. एका हातात ओलं पोतं. आम्ही जाळाकडे तोंड करून बसलेलो आणि हे जिन्याकडे तोंड करून. काडी जरा उडाली की पोतं घेऊन धावले. दोन वांग्यांवर वाळू पडली. जयू चिडली. नाना म्हणाले, ''भरीत जळालं तर दुसरं होईल.'' मग तेच वाळूवालं भरीत कचकच करत त्यांनी खाल्लं. ''जिनिंगमध्ये कापसाची गाठ पेटली ना माय, तर बाहेर काही दिसत नाही. हात लावला तर गरमही नसते. आत मात्र धुमसत राहते. कधी कधी हप्ताभर.''

तेव्हा मी कांद्याची पात शोधत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

आणि ताटं! ताटांचं राहिलंच. त्यांनी आम्हाला शिकवलं होतं की अडकलो तर ओरडायचं नाही. ओरडलं की धूर छातीत जातो आणि घसा बसतो. खिडकीत जायचं, रंगीत ओढणी बाहेर सोडायची आणि स्टीलचं ताट गजांवर वाजवायचं. सराव पाहिजे म्हणून सराव. पहिल्यांदा आम्ही ताटं वाजवली तेव्हा गल्लीतल्या एक काकू बाहेर आल्या आणि त्यांनी पण ताट वाजवायला घेतलं. म्हणाल्या, ''परत कोरोना आला का गं?'' दर रविवारी सराव. हळूहळू गल्लीने बाहेर यायचं सोडलं. ताटं वाजली की लोक म्हणायचे, नानांचं चाललंय.

आता मुख्य गोष्ट. कुलूप.

रात्री अक्का गेटच्या आतच पॅसेजमध्ये खाट टाकून झोपायच्या, चावी कमरेला. नानांना ते चालायचं. खरी अडचण दुपारची. जळगावची उन्हाळ्यातली दुपार तुम्हाला माहितीये ना? रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली. अशा वेळी मागच्या वर्षी एक दारुडा थेट वर जिन्यात येऊन बसला होता. तेव्हापासून जेवण झालं की अक्का बाहेरून गेटला कुलूप लावायच्या आणि आपल्या आतल्या खोलीत कूलर लावून झोपायच्या. तो कूलर असा, की त्याच्यापुढे बँडवाले हरतील.

आणि आमच्या जिन्याखाली काय होतं? सगळ्यांचे लाइटचे मीटर. मीटरखाली स्कूट्या. स्कूट्यांच्या मागे अक्कांच्या जुन्या गाद्या.

नाना एक दिवस जिन्यासमोर उभे राहून म्हणाले, ''अक्का, चूल कशी लावतात? खाली जळण, वर भांडं, भांड्यावर झाकण. तुम्ही तेच केलंय. खाली गाद्या-पेट्रोल, वर पोरी, पोरींवर कुलूप.''

''शुभ बोला नाना!''

''चावी पोरींकडे द्या.''

''चावी त्यांच्याकडेच द्यायची तर कुलूप कशाला लावू? देवपूजेला?''

''मग लावू नका.''

''लोकांच्या पोरी आहेत त्या! यांचे बाप मला काय सांगून गेलेत माहितीये? उद्या काही झालं तर मी काय तोंड दाखवू?''

''काही म्हणजे काय?''

''तुम्हाला कळत नाही का काही म्हणजे काय?''

''कळतं,'' नाना म्हणाले. ''पण पोरगी पळून गेली तर एक दिवस परत यायची आशा असते, अक्का.''

मला तेव्हा वाटलं, वा, नानांनी काय डायलॉग मारला!

गाद्या अक्कांनी हलवल्या. स्कूट्या बाहेर लावायला सांगितल्या. पण कुलूप नाही म्हणजे नाही. माझ्या बाबांना फोन लावून विचारलं त्यांनी, माझ्यासमोर, स्पीकरवर. बाबा म्हणाले, ''अक्का, कुलूप शे म्हणून तर पोरगी तिथे ठेवली.'' मग काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अक्का कुलूप लावायला आल्या तर गेटच्या बाहेर, अंगणाच्या कडेला निंबाच्या झाडाखाली, निंबानाना. घरून प्लास्टिकची खुर्ची आणलेली, त्यावर बसलेले, मांडीवर पाण्याची बाटली.

''हे काय नवीन?''

''दुसरी चावी द्या. मी बसतो. तुम्ही झोपा.''

''दुपारभर? या उन्हात?''

''झाड आहे. आणि पोरींना बाहेर निघायचं एक दार कमी आहे, तर ते मीच.''

अक्कांनी कपाळाला हात लावला, पण चावी दिली. एप्रिलपासून रोज हेच. वर आम्ही चालू घडामोडी पाठ करतोय आणि खाली आमचं दुसरं दार डुलक्या देतंय! आम्ही चिडवायचो, ''नाना, दार झोपलं का?'' ते डोळे न उघडता म्हणायचे, ''कडी काढून झोपलंय.'' जयू दोरीला बांधून ताकाचा तांब्या खिडकीतून खाली सोडायची. तांब्या गजातून जात नव्हता, म्हणून मग पातळ बाटली. नाना म्हणायचे, ''पाहिलं? तांब्या निघत नाही, तुम्ही काय निघाल.'' प्रत्येक गोष्टीत हेच!

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे. मी म्हटलं, ''नाना, आगीचं एवढं सायन्स सांगता आणि उन्हाला कांदा?'' म्हणाले, ''माय सांगून गेली होती. आणि माले काही होत नई.''

मग मे महिना आला. आणि निंबाच्या दोन फांद्या वरच्या वायरींना घासत होत्या. वारा आला की ठिणग्या. नानांनीच लाइटवाल्यांकडे चकरा मारल्या. तिथल्या माणसाने कंटाळून कंटाळून शेवटी गाडी पाठवली. वायरमन आले, करवत लावली, आणि त्यांचं कसं असतं तुम्हाला माहितीये, दोन फांद्या म्हटलं की ते आख्खं झाडच भादरतात. खांब राहिला नुसता. वर चार पानं.

नाना खूश. ''एक धोका गेला,'' म्हणाले. आणि दुपारी त्याच खांबाखाली खुर्ची टाकून बसले. छत्री घेऊन.

आम्ही सांगितलं की नाना, नका बसू. अक्कांनी सांगितलं. ''मग कुलूप काढा,'' नाना म्हणाले. ''ते नाही होणार,'' अक्का म्हणाल्या. दोघंही खान्देशी. कोण हटणार?

त्या दुपारी मी खिडकीत होते. गरम वारा सुटला होता, पडदा तोंडावर येत होता. मी खाली पाहिलं तर छत्री गल्लीत चालली होती. एकटीच, घरंगळत. मग पाहिलं तर खुर्ची आडवी आणि नाना भिंतीपाशी पडलेले. पाय थोडे हलत होते. खिशातला कांदा निघून गटारीकडे गेला होता.

''नाना! ओ नाना!''

आम्ही जिना उतरून गेटपाशी धावलो. कुलूप. जाळीतून नाना दिसत होते, समोर, अंगणाच्या पलीकडे. हाताला येत नव्हते. आणि त्यांच्या मुठीत काय होतं सांगू का? चावी.

जयू गेट हलवायला लागली. मी अक्कांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. परत लावला. अँब्युलन्सला लावला, ते पत्ता विचारतायत आणि मला गल्लीचं नाव आठवेना, रोज राहते त्या! जयू ओरडून ओरडून रडायला लागली, आणि मग मीच तिला म्हटलं, ओरडू नको. ताट.

वर पळालो. सगळ्या पोरींनी ताटं घेतली आणि गजांवर आपटायला लागलो. ओढण्या सोडल्या बाहेर. लाल, पिवळ्या. अगदी शिकवलं होतं तसं केलं आम्ही. सगळं बरोबर केलं.

गल्लीतलं एकही दार उघडलं नाही.

नानांचं चाललंय. तसंच वाटलं असणार ना सगळ्यांना? मी कोणाला दोष नाही देत. मी त्यांच्या जागी असते तर कूस बदलून झोपले असते.

एकीने कूलरमधलं पाणी मगाने उपसून खिडकीतून फेकायला सुरुवात केली. गजातून निम्मं पाणी आमच्याच अंगावर. निम्मं खाली जायचं, त्यातलं थोडं नानांवर. रस्त्यावर पडलं की लगेच सुकायचं. तरी फेकत होतो. एका हाताने ताट आणि एका हाताने पाणी. किती वेळ, मला विचारू नका. मला तो वेळ मोजताच येत नाही.

मग लाइट गेली.

सगळ्या गल्लीतले कूलर एकदम बंद पडले. आणि त्या शांततेत आमची ताटं काय वाजली! अक्का धावत बाहेर आल्या, केस मोकळे, पदराचा पत्ता नाही. आधी वर आमच्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं वर आग लागलीये. चावी कुलपात जाईना. आम्ही सगळ्या खिडकीतून ओरडतोय, ''अक्का, खाली बघा! मागे बघा! नाना!''

सिव्हिलमध्ये नेलं. अंगाला हात लावला तर भाजत होतं. नर्सने मूठ उघडायचा प्रयत्न केला, सलाईन लावायला, तर मूठ उघडेना. अक्कांनी एक एक बोट सोडवलं. ''सोडा नाना, उघडलं दार, सगळ्या खाली आल्यात, सोडा,'' असं म्हणत म्हणत.

संध्याकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

अक्कांनी नानांच्या अमळनेरच्या कुठल्यातरी नातेवाइकांकडून नंबर काढला आणि सुरतेला फोन लावला. तेव्हा मला कळलं की नानांना मुलगी आहे.

वैशालीताई दुसऱ्या दिवशी आल्या. चाळिशीच्या असतील. एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा ब्लाऊज. रडल्या नाहीत. सगळं झाल्यावर अंघोळ करून साडी बदलायची होती, म्हणून अक्कांनी मला त्यांच्यासोबत नानांच्या घरी पाठवलं. दार नेहमीसारखं अर्धं उघडं. ताई आत गेल्या, दार लोटलं आणि आतून हात वर नेला. न बघता. लहानपणापासून ज्या दाराची कडी कुठे आहे हे हाताला माहीत असतं ना, तसा. हात नुसता लाकडावरून फिरला. खाली, वर. मग त्यांनी पाहिलं. कडीच्या जागी स्क्रूची भोकं होती, पुट्टीने बुजवून वरून रंग दिलेला. बाहेरच्या बाजूला पण तेच.

मी म्हटलं, ''ते आगीमुळे. नाना म्हणायचे की धुरात कडी...''

''आगीमुळे नाही गं,'' ताई म्हणाल्या.

मग मधल्या दाराशी गेल्या. तिथेही हात फिरवून पाहिला. तिथेच खाली बसल्या आणि बाही वर केली. हात कोपरापासून मनगटापर्यंत आवळून आलेला, चकाकणारा. जुना.

''मला एका मुलाशी लग्न करायचं होतं. दादांनी, तुमच्या नानांनी, या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घालून, वर कुलूप लावून. म्हणाले, डोकं शांत होईल. आणि गेले जिनिंगवर. तिथली दारं उघडी आहेत का बघायला.'' त्या हसल्या थोड्या. ''पाणी संपलेला कूलर होता. त्याचं गवत पेटलं. शेजाऱ्यांनी पाट्याने दार फोडलं. दवाखान्यातूनच गेले मी. इथे परत आलेच नाही.''

''फोन...?''

''दर दिवाळीला यायचा. मी उचलायची नाही. एकदा उचलला. तर म्हणाले, सगळ्या कड्या काढून टाकल्या गं, तू कधीपण ये, दार लोटलं की झालं. मी म्हटलं, येणार नाही. ठेवला.''

बाहेर कुठलंतरी मांजर आलं, दारातून आत बघितलं आणि गेलं.

आणि आम्ही, सगळी गल्ली, समजत होतो की नाना दार उघडं ठेवतात ते बाहेर पडायला.

ताई उठल्या, बॅगेतून साडी काढली आणि त्या बिनकडीच्या दाराकडे पाहत नुसत्या उभ्या राहिल्या. लोकांची ये-जा चालू होती. मग मी म्हटलं, ''ताई, तुम्ही बदला. मी आहे बाहेर.'' आणि अंगणातून नानांची खुर्ची उचलून आणली, दाराला पाठ लावून ठेवली आणि बसले. ऊन होतं. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग आला. मी वळून पाहिलं नाही.

अक्कांनी कुलूप काढलंय. कोणी सांगितलं नाही, त्यांनीच. आता दुपारी गेट नुसतं लोटलेलं असतं आणि अक्का कूलर न लावता घाम पुसत जाग्या असतात. पण बाबांना कळलं ना. फोनवर म्हणाले, ''कुलूप नई, तर मग दुसरी रूम पाहू.'' पाहिली पण त्यांनी. चांगलं मजबूत गेट आहे म्हणे. मी त्यांना हे सगळं सांगितलं, अगदी ताईंच्या हातासकट. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ''बेटा, तुझ्यासाठीच शे ते.'' आवाज इतका मायेचा होता ना, की मला भांडताच येईना. उद्या परत सांगणार आहे. तोंडावर सांगणार आहे. बघू. गेल्या गेल्या पहिला प्रश्न मात्र ठरलेला आहे माझा, तो तुम्हालाही कळला असेल.

तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? तुम्हाला कोणी जीव लावून, काळजीपोटी, बाहेरून कडी घातलीये का कधी? आणि तेव्हा बाहेर कोणी खुर्ची टाकून बसलं होतं का?